तळ्याकाठी जा, तळ्यावर नको

वाचकांचे प्रश्न : भटकंती

या वेळच्या टपालात ठाण्या-नवी मुंबईच्या मंडळींनी जणू ठरवून हिमालयातल्या तळ्यांबद्दलच विचारलंय. रील्सचा प्रताप, दुसरं काय! असो. काही पत्रं एकसारखी होती, त्यांना एकत्र उत्तर दिलंय. औषधांबद्दल विचारणाऱ्यांना आधीच सांगते, मी डॉक्टर नाही. नौपाड्यातली एक निवृत्त बाई आहे, दर हिवाळ्यात माणसं गोळा करून वर नेते आणि सगळ्यांना खाली आणते, एवढीच माझी पात्रता.

प्रश्न : काकू, आम्हा दोघांना गोठलेलं तळं आणि भरपूर बर्फ बघायचाय. सुट्टी नाताळात मिळते, पण मैत्रीण म्हणते मार्चमध्ये जा. कळसूबाई आणि राजमाची झालंय. कधी आणि कुठे जावं?
– एक जोडपं, घोडबंदर रोड

नाताळात जायला माझी ना नाही, पण त्या आठवड्यात गर्दीची खात्री असते, बर्फाची नसते. हिमालयात हिवाळ्यात बर्फ पडतो तो पश्चिमी विक्षोभांमुळे. भूमध्य समुद्राच्या बाजूने एकामागून एक येणाऱ्या या वादळी हवामानाच्या लाटा. एखादी जोरकस आली की दोन रात्रींत गुडघाभर बर्फ साचतो. नाही आली तर डिसेंबर अखेरपर्यंत डोंगर पिवळ्या गवताचेच राहतात आणि लोक पैसे वाया गेल्यासारखे चेहरे करून फिरतात. तळं नीट गोठलेलं बघायचं असेल तर जानेवारीचा दुसरा पंधरवडा ते फेब्रुवारी अखेर हा काळ धरा. मैत्रीण सांगते तो मार्चही सुंदर असतो, पण त्याचं सौंदर्य वेगळं. खालच्या जंगलात बुरांस, म्हणजे ऱ्होडोडेंड्रॉनची झाडं, लालभडक फुललेला, वर सावलीत जुना बर्फ, आकाश बरंचसं मोकळं आणि तळं सुटायला लागलेलं. दोन्ही एकाच फेरीत मिळत नाही. काय हवंय ते आधी आपसात ठरवा.

जागा म्हणाल तर तुम्हाला मी ब्रह्मतालला पाठवेन. चमोली जिल्ह्यातलं लोहाजंग हे पायथ्याचं गाव. तिथून ओक आणि बुरांसच्या जंगलातून आधी बेकलताल लागतं, पुढे उघड्यावर ब्रह्मताल. एकाच वाटेवर दोन तळी, एक झाडीतलं, एक बोडक्या डोंगरावरचं. त्याच्या वरच्या धारेवर, साधारण 3,700 मीटरवर, पोचलात की समोर त्रिशूल (7,120 मीटर) आणि नंदा घुंटी (6,309 मीटर) इतके जवळ दिसतात की माणसं बोलायची थांबतात. निदान पाच मिनिटं तरी. पुण्या-मुंबईच्या ग्रुपला हे फार झालं.

केदारकंठाला जाऊ नका असं नाही. तिथलं जुडा का तालाब गोड आहे. पण नाताळाच्या आठवड्यात तिथे समिटच्या वाटेवर रांग लागते आणि रांगेत उभं राहायची हौस असेल तर ठाणे स्टेशन जवळ पडतं.

लोकमान्य टिळक टर्मिनसहून हरिद्वारला थेट गाडी आहे. नोव्हेंबर 2024 पासून रेल्वेचं आरक्षण 60 दिवस आधी उघडतं, तेव्हा तारीख मोजून बसा. हरिद्वारहून कर्णप्रयाग, थराली, देवाल असं करत लोहाजंगला पोचायला पूर्ण दिवस जातो. परतीच्या तिकिटाआधी एक दिवस मोकळा ठेवा, डोंगरात रस्ता बंद पडला तर तो दिवस उपयोगी येतो. आणि एक हिशेब मनात असू द्या. कळसूबाईचं शिखर 1,646 मीटरवर आहे. तुमची जीप जिथे थांबेल ते लोहाजंगच त्याच्यापेक्षा साडेसहाशे मीटरने उंच आहे. चालायला सुरुवात त्यानंतर.

प्रश्न : गेल्या मार्चमध्ये आमच्या ऑफिसचा ग्रुप उत्तराखंडात गेला होता. तळं पांढरं होतं. चौघं जण आत चालत जाऊन, उड्या मारून फोटो काढून आले. मी काठावर थांबले. काही झालं नाही, त्यामुळे आजतागायत मला चिडवतात. मी भित्री आहे का?
– एक वाचक, कळवा

नाही. तुम्ही चौघांपेक्षा शहाण्या आहात. हे उत्तर कापून त्यांच्या ग्रुपवर टाका. थोडं सविस्तर लिहिते, कारण या एका गोष्टीवर दरवर्षी कुणाशी तरी माझं भांडण होतं.

पाणी चार अंशांना सगळ्यात जड असतं. त्यामुळे तळं वरून खाली गोठतं. तळाशी चार अंशांचं पाणी तसंच राहतं, वर झाकण बसतं. म्हणजे पांढरं दिसणारं तळं हे अखेर पाण्यावरचं झाकणच, आणि ते सगळीकडे सारख्या जाडीचं नसतं. जिथून ओढा आत येतो, जिथून पाणी बाहेर पडतं, जिथे दगड किंवा बुंधा वर डोकावतो, तिथे ते पातळ. वर ताजा भुसभुशीत बर्फ पडला तर आणखी वाईट, कारण तो गोधडीचं काम करतो आणि खालचं झाकण जाड होऊ देत नाही. शिवाय दिसतही काही नाही. ज्या देशांत माणसं वर्षानुवर्षं गोठलेल्या तळ्यांवर चालतात, तिथेही एका माणसासाठी निदान दहा सेंटीमीटर जाड, नवा, स्वच्छ, पारदर्शक बर्फ लागतो असं सांगतात, आणि तो भोक पाडून, मोजून बघतात. दुधाळ पांढरा बर्फ त्याच्या निम्म्याच ताकदीचा धरतात. आपल्याकडे कोण मोजतं? पहिला उतरला, बुडाला नाही, म्हणून दुसरा उतरतो. मग चौघं एकाच जागी उभे राहून उड्या मारतात.

त्यातून तुम्ही गेलात मार्चमध्ये. मार्चचा बर्फ जाड असला तरी भरवशाचा नसतो. दिवसा ऊन त्याच्या आत शिरतं आणि तो उभ्या काड्यांसारखा सुटा होत जातो. वरून तसाच दिसतो, पण भार घेत नाही. बेकलतालला मार्चमध्ये काठाशी वाकून बघितलंय मी. काठ आणि बर्फ यांच्यामध्ये वीतभर काळं पाणी. पुढे बर्फात ओकची वाळलेली पानं रुतलेली, प्रत्येक पान आपल्याच आकाराच्या खळग्यात, चांगलं चार बोटं खोल. पान काळपट, ऊन शोषतं, तापतं आणि खालचा बर्फ वितळवत खाली जातं. एवढ्याशा पानाच्या उबेने जो बर्फ भोकं पाडून देतो, त्यावर सत्तर किलोचा माणूस सॅकसकट चढवायचा? दुधावरची साय कडेने आधी सुटते, तसंच हे. मधला भाग टणक असेलही, पण तिथे जायचं नि यायचं ते कडेवरूनच.

आणि आवाज. गोठलेलं तळं रात्री, पहाटे टणत्कार करतं, कधी लांबवर चरकन भेग गेल्यासारखं वाजतं. थंडीने आखडणाऱ्या बर्फाचा तो आवाज, नेहमीच धोक्याचा असतो असं नाही. पण उन्हं वर आल्यावर पायाखालून कुरकुर आली की समजायचं ते समजावं.

कुणी आत पडलंच तर काय, हेही सांगून ठेवते. पहिलं मिनिटभर श्वास हाताबाहेर जातो, धाप लागते, पाणी छातीत जायचा धोका तेव्हाच. त्या मिनिटात काही करू नका, फक्त तोंड वर ठेवा आणि श्वास ताब्यात आणा. मग साधारण दहा मिनिटं हातपाय ऐकतात. तेवढ्यात ज्या बाजूने आलात त्याच बाजूला तोंड करायचं, कारण त्या बर्फाने निदान इथवर तुमचं वजन पेललं होतं. कोपर कडेवर टेकायचे, पाय मागे आडवे करून पोहल्यासारखे झाडायचे आणि पोटावर सरकत बाहेर यायचं. बाहेर आल्यावर उभं राहायचं नाही, काठापर्यंत लोळत जायचं. काठावरच्यांनी धावत मदतीला जाऊ नये. पोल, दोरी, ओढण्या बांधून जे होईल ते आडवं पडून पुढे करावं. मग ओले कपडे ताबडतोब उतरवून कोरडे घालायचे, लाजायची वेळ नाही ती. आणि हे सगळं अशा जागी, जिथून गाडीरस्ता एक दिवसावर आहे. एका फोटोसाठी!

काठावर बसून चहा प्या. तळं काठावरूनच छान दिसतं, फोटोही तिथूनच चांगला येतो.

प्रश्न : बाबांना 62 वर्षं पूर्ण झाली. ब्लड प्रेशरची गोळी चालू आहे, प्रेशर ताब्यात आहे. रोज ज्वेल ऑफ नवी मुंबईत तासभर चालतात. त्यांना हिवाळ्यात एखाद्या तळ्यापर्यंत न्यायची फार इच्छा आहे. जमेल?
– एक मुलगी, नेरूळ

जमू शकेल, डॉक्टर हो म्हणाले तर. थंडी आणि उंची दोन्ही रक्तदाब वाढवतात, त्यामुळे नुसतं 'ट्रेकला जातोय' असं सांगू नका, किती उंचीवर, किती दिवस, किती थंडीत, हे लिहून न्या. ट्रेकमध्ये गोळी बंद करायची नाही. उंचीच्या त्रासावर काही जण असेटाझोलामाइड घेतात, तेही डॉक्टरांनी दिलं तरच. सल्फाच्या औषधांची ॲलर्जी असेल तर आवर्जून सांगायचं.

बाबांसाठी जागा देवरियाताल. उखीमठजवळच्या सारी गावातून जेमतेम अडीच-तीन किलोमीटरची चढण, तळं सुमारे 2,440 मीटरवर. समोर चौखंबा, 7,138 मीटर, वारा पडलेला असला तर पाण्यात उलटा. यक्षाने युधिष्ठिराला प्रश्न विचारले ते याच काठी, असं तिथले लोक सांगतात. बाबांना ही गोष्ट वर पोचल्यावर सांगा, दम खायला निमित्त होईल. मात्र एवढ्या उंचीवर तळं हमखास गोठलेलं मिळेल असं समजू नका. मार्चअखेरीस न्या, बुरांस फुललेला असतो, रात्री सोसवतात. पुढे चोपता-तुंगनाथचा मोह टाळा. तुंगनाथ 3,680 मीटरवर आहे, हिवाळ्यात मंदिर बंदच असतं, देव खाली मक्कू गावात असतात. देव खाली उतरतात तर आपण कशाला वर जायचं?

आता सराव. ज्वेलमधली वाट सपाट आहे. तिथे तासभर चालणं तब्येतीला उत्तम, पण चढाला त्याचा उपयोग थोडाच. आठवड्यातून तीनदा इमारतीचे जिने, चढताना आणि उतरतानाही, कारण गुडघे बोलतात ते उतरताना. रविवारी खारघरची टेकडी किंवा पारसिकचा चढ, पाठीवर चार किलो वजन घेऊन. चढताना अख्खं वाक्य न थांबता बोलता आलं पाहिजे. येत नसेल तर वेग कमी करा.

अडीच हजार मीटरच्या वर गेलं की डोकं दुखणं, मळमळ, जेवण नको वाटणं सुरू होऊ शकतं. साडेतीन हजारांवर तर दर श्वासाला मिळणारा प्राणवायू समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशच उरतो. एखाद्याला उंची बाधल्याचा संशय आला तर मी त्याला एका पायाच्या टाचेला दुसऱ्या पायाचं बोट लावत सरळ रेषेत चालायला लावते. झोकांडी गेली, की लगेच खाली. बसल्या जागी धाप, छातीत घुरघुर, तरी तेच, मग रात्र असो की पहाट. 'सकाळी बघू' म्हणणाऱ्या लीडरचं ऐकायचं नाही.

प्रश्न : बर्फातले कपडे फार महाग आहेत. घरातलं काय चालेल? सासूबाईंनी विणलेला स्वेटर नेला तर चालेल का? त्यांना वाईट वाटू नये म्हणून विचारते.
– एक सून, कोपरी, ठाणे पूर्व

लोकरीचा असेल तर चालेल काय, पळेल! लोकर ओली झाली तरी ऊब देते. चालत नाही ते सुती, म्हणजे बनियन, जीन्स, सुती मोजे. घाम धरून ठेवतात आणि थांबलात की अंगावर गार पडतात. आत घाम सोडणारा पातळ थर, मध्ये सासूबाई, बाहेर वारा-पाणी अडवणारं जॅकेट. पिसांचं जॅकेट, गेटर्स (बुटात बर्फ जाऊ नये म्हणून पोटरीवर चढवायची पट्टी), मायक्रोस्पाइक्स (बुटाखाली चढवायचे खिळ्यांचे पट्टे), स्लीपिंग बॅग हे सगळं भाड्याने मिळतं, विकत घेऊ नका. पैसे घालायचेच तर बुटात घाला. एक नंबर मोठे घ्या, दोन मोजे घालूनही बोटं हलली पाहिजेत. आणि ते महिनाभर आधी घेऊन येऊरच्या वाटेवर मळवा. नवे कोरे बूट घालून लोहाजंगला उतरलेल्या माणसाच्या टाचा मला दुसऱ्या दिवशी बघाव्या लागतात.

गॉगल विसरू नका. ताजा बर्फ ऐंशी टक्क्यांहून जास्त अतिनील किरणं परत फेकतो, डोळ्यांत वाळू गेल्यासारखं होतं आणि तेही संध्याकाळी कळतं. खोबरेल तेल नेऊ नका, ते दादरच्या थंडीतसुद्धा गोठतं, तिथे दगड होईल. व्हॅसलीन न्या.

प्रश्न : रात्री पाणी गोठतं का? मोबाइल बंद पडतो असंही ऐकलंय.
– एक कॉलेजकुमार, वाशी

दोन्ही खरं. बाटली रात्री उलटी ठेवायची, बर्फ वरून धरतो, मग झाकणाची बाजू मोकळी राहते. गरम पाणी भरून मोज्यात घातलीस तर पायाशी शेकही मिळतो. नळीवाली पिशवी नको, नळी पहिली गोठते. मोबाइल, पॉवर बँक, हेडटॉर्चचे सेल रात्री स्लीपिंग बॅगमध्ये, पोटाशी. बंद पडलेला फोन खिशात ऊब मिळाली की बहुतेकदा परत चालू होतो. नुसता बर्फ खाऊन तहान भागवू नकोस, अंगातली उष्णता जाते. वितळवून, उकळून पी.

प्रश्न : माझी एकोणीस वर्षांची मुलगी एका ट्रेक कंपनीबरोबर फेब्रुवारीत जायचं म्हणतेय. कंपनीच्या माणसाला फोन केला तर तो 'डोंट वरी आंटी' एवढंच म्हणतो. मी त्याला नेमकं काय विचारू?
– एक आई, ऐरोली

'आंटी'ने पुन्हा फोन करावा आणि पहिला प्रश्न हा विचारावा : समिटच्या दिवशी परत फिरायची वेळ कोणती? 'हवामान बघून ठरवतो' हे उत्तर अर्धंच. हवामान बघायचंच, पण घड्याळाचीही एक वेळ ठरलेली लागते, पोचलो नाही तरी वळायचं अशी. विशेषतः फेब्रुवारी-मार्चमध्ये, कारण पहाटे कडक असलेला बर्फ दुपारी मऊ होतो आणि पाय मांडीपर्यंत आत जातो. सकाळी तासाभरात चढलेली धार दुपारी उतरायला दोन तास घेते, तेही भिजलेल्या मोज्यांनी. म्हणून पहाटे निघायचं आणि दुपारच्या जेवणाला तंबूत.

मग विचारा, किती मुलांमागे किती लीडर, वाटाड्या त्याच गावचा आहे का, ऑक्सिजनचा सिलिंडर वर नेता की बेस कॅम्पवर ठेवता. आजारी पडलेल्याबरोबर खाली कोण जातं? तंबू कुठे लावता? 2018 साली उत्तराखंड उच्च न्यायालयाने बुग्याळांवर, म्हणजे डोंगरमाथ्यावरच्या कुरणांवर, रात्रीच्या मुक्कामाला बंदी घातली. हा आदेश ठाऊक नसलेला लीडर मला चालणार नाही. तळ्याच्या अगदी काठाला तंबू लावतो असं कुणी कौतुकाने सांगितलं तर दुसरी कंपनी बघा, खालचं गाव तेच पाणी पितं.

मुलीशी एवढंच ठरवा की फोन लागणार नाही हे गृहीत आहे, आणि खाली येण्याच्या तारखेपुढे आणखी एक दिवस जाईपर्यंत तुम्ही कुणालाही फोन करून हैराण करणार नाही. हे तुम्हाला कठीण जाईल, तिला नाही. पाळीची तारीख त्यात येत असेल तर नेहमीपेक्षा जास्त पॅड आणि झिपची पिशवी द्या. वापरलेलं सगळं परत खाली आणायचं, बर्फात पुरायचं नाही. बर्फ वितळतोच.

प्रश्न : हिमालय सध्या खिशाला झेपत नाही, रजाही नाही. शनिवार-रविवारात डोंगर, थंडी आणि पाणी असं काही मिळेल?
– एक वाचक, वागळे इस्टेट

मिळेल. बर्फ मात्र मागू नका. महाबळेश्वरला वेण्णा तलावाकाठी दवबिंदू गोठल्याची बातमी दर हिवाळ्यात येते, तेवढीच आपली पोच. तुम्ही हरिश्चंद्रगडावर जा. 1,424 मीटर उंची, मंदिराजवळ सप्ततीर्थ पुष्करणी, आणि केदारेश्वराच्या गुहेत कंबरभर पाणी, जानेवारीच्या सकाळी त्यात पाय घातला की हिमालयाची आठवण झालीच पाहिजे. लिंगाभोवती चार खांब होते, आता एकच उभा आहे.

सोपी वाट पाचनईची, कसारा-राजूर मार्गे. मला खिरेश्वरची आवडते. कल्याणहून माळशेजच्या एसटीने खुबी फाट्याला उतरायचं, पिंपळगाव जोगा धरणाच्या भिंतीवरून गावात जायचं, मग तोलार खिंड. नळीच्या वाटेच्या नादी लागू नका, ती कसलेल्यांची. फेब्रुवारी अखेर गेलात तर पळस, पांगारा, काटेसावर तिन्ही फुललेले दिसतील, पण खिंडीनंतरचा कातळ दुपारी तापतो, तेव्हा तो टप्पा दहाच्या आत उरका. माणशी तीन लिटर पाणी खालून घ्या. पुष्करणीत साबण लावून अंघोळ करणारे दिसले तर हटका, गडावरची माणसं तुमच्या बाजूने बोलतील. जेवण पाचनईला किंवा वर झोपडीत मिळतं, पिठलं-भाकरी. आदल्या दिवशी फोन करून माणसं किती ते सांगा, नाहीतर भाकऱ्या कमी पडतात.